तारखांनी ओळखल्या जाणाऱ्या मैफली: ग्रेटफुल डेड कसं ऐकायचं

ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडच्या जुन्या चाहत्याला त्याचं आवडतं काय असं विचारलंत, तर तो अल्बमचं नाव क्वचितच घेईल. तो तारीख सांगेल. पाच-आठ-सत्त्याहत्तर, म्हणजे ८ मे १९७७. अमेरिकेत महिना आधी लिहितात. किंवा आठ-सत्तावीस-बहात्तर. शेजारी बसलेला दुसरा चाहता लगेच म्हणेल, ‘छे, पाच-नऊ ऐक,’ आणि लागोपाठच्या त्या दोन रात्रींपैकी सरस कुठली यावर तासभर खडाजंगी होईल. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ वेडेपणा वाटतो. गाणी तीच, माणसं तीच, मग एका रात्रीत असा काय फरक पडणार?

पडतो, आणि भरपूर पडतो. तो कुठे शोधायचा हे कळलं की या बँडच्या तासन्‌तास लांबणाऱ्या ध्वनिफिती कंटाळवाण्या वाटत नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये हा बँड जमला. सुरुवातीचं नाव वॉरलॉक्स. ९ जुलै १९९५ ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर शेवटचा कार्यक्रम झाला आणि महिन्याभरात, ९ ऑगस्टला, मुख्य गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया वारला. मधल्या तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम झाले. कुठली गाणी घ्यायची याची यादी बहुतेकदा आधी ठरलेली नसायची. काल वाजलेलं गाणं आज वाजेलच याची खात्री नाही, आणि वाजलं तरी ते कालच्यासारखं वाजणार नाही याची मात्र पुरेपूर खात्री.

अशा बँडला जॅम बँड म्हणतात. आपल्याकडे ही कल्पना समजायला जड जाऊ नये. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची असते. कुणी ती दहा मिनिटं गातो, कुणी पाऊण तास, आणि आपण मान डोलावतो ती तिच्या विस्ताराला. डेडचं गाणंही तसंच. सुरुवातीला दोन-तीन कडवी, शेवटी एखादं, मधलं मैदान मोकळं. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की ख्यालात गायक पुढे असतो आणि बाकीचे त्याला साथ करतात. इथे साथीदार नावाचा प्राणीच नाही. पाच-सहा माणसं एकाच वेळी विस्तार करत असतात आणि आता कोण पुढे जाणार हे त्यांनाही ठाऊक नसतं.

फिल लेशचं उदाहरण घ्या. रॉक बँडमधला बेसवादक साधारणपणे ठेका आणि मूळ स्वर धरून बसतो. लेश मुळात ट्रम्पेट वाजवणारा, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला, मिल्स कॉलेजात लुचियानो बेरिओसारख्या प्रयोगशील संगीतकाराच्या वर्गात बसलेला. बँडमध्ये आला तेव्हा बेस त्याला वाजवताच येत नव्हता. त्यामुळे बेसवादकाने काय करायचं नसतं हेही त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो गार्सियाच्या गिटारखाली दुसरी एक चालच रचत जातो. बॉब वीअर रिदम गिटारवर. तोही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सरळ झोडपत नाही, कॉर्डचे तुकडे करून गार्सियाच्या दोन सुरांमध्ये फट दिसेल तिथे टाकतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, प्रत्येक जण आपापलंच काहीतरी वाजवतोय. तिसऱ्या-चौथ्यांदा कळतं की ही मंडळी एकमेकांना कमालीच्या लक्षपूर्वक ऐकत आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे सांधा. डेड एक गाणं संपवून, टाळ्या घेऊन, दुसरं सुरू करायचे तसेच एका गाण्यातून न थांबता दुसऱ्यातही शिरायचे. चाहते गाण्यांची यादी लिहिताना अशा दोन गाण्यांमध्ये बाणाचं टोक काढतात. ते बारीकसं चिन्ह म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं मर्म आहे. पहिलं गाणं विरघळतंय, दुसरं अजून उमटलेलं नाही, मधली दोन-तीन मिनिटं कुणाच्याच मालकीची नाहीत. माझ्या मते डेडची रात्र मोठी ठरते ती तिथे. नुसता सोलो चांगला वाजवणारे गिटारवादक पैशाला पासरी मिळतात.

आता रात्रींकडे वळू.

‘डार्क स्टार’ नावाचं गाणं १९६८ मध्ये छोट्या तबकडीवर निघालं तेव्हा तीन मिनिटांचंसुद्धा नव्हतं. कुणी फारसं विकतही घेतलं नाही. २७ फेब्रुवारी १९६९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये तेच गाणं तेवीस मिनिटं चाललं. त्यासाठी सोळा ट्रॅकचं अवजड रेकॉर्डिंग यंत्र सभागृहात नेलं होतं. रॉकमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रम अशा यंत्रावर मुद्रित करण्याचे ते पहिलेवहिले दिवस, आणि त्यातून त्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’ हा अल्बम निघाला. या तेवीस मिनिटांत गाण्याचे शब्द अगदी मोजके. सुरुवातीची छोटीशी सुरावट आपल्या कानाने ऐकलीत तर खमाज थाटाचे स्वर सापडतील, बाकी सगळे शुद्ध आणि निषाद कोमल. मग ठेका ढिला पडतो, गिटार एकेका स्वराभोवती रेंगाळते, ऑर्गन मागे कुठेतरी कण्हत असतं, आणि मध्येच सगळे मिळून अचानक त्या पहिल्या सुरावटीवर परत येतात. कुणी खूण केल्याचं ऐकू येत नाही. समेवर येण्याचा आनंद म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला हे कळायला इंग्रजी यायची गरज नाही.

त्याच अल्बमवर ‘द इलेव्हन’ नावाचं गाणं आहे, अकरा मात्रांचं. रॉकच्या चार-चार मात्रांच्या जगात हे अकराचं खूळ आलं कुठून, याचं उत्तर थेट आपल्याकडे येतं. बँडचा दुसरा ड्रमर मिकी हार्ट १९६७ मध्ये उस्ताद अल्लारखाँ यांना भेटला आणि त्यांच्या लयकारीने अक्षरशः भारावून गेला. वेगवेगळ्या मात्रांची आवर्तनं एकमेकांवर रचून पुन्हा एका जागी आणणं हे त्याच्यासाठी नवं होतं. त्याने आणि पहिला ड्रमर बिल क्रॉइट्झमन याने तासन्‌तास बसून ते घोटलं. पुढे अल्लारखाँचे चिरंजीव, मुंबईत जन्मलेले आणि वाढलेले झाकीर हुसेन, कॅलिफोर्नियात आले. त्यांच्यासोबत हार्टने ‘डिगा ऱ्हिदम बँड’ काढला. १९७६ च्या त्यांच्या अल्बमवर एक तालवाद्यांचा तुकडा आहे. त्याच तुकड्यावर पुढे शब्द चढले आणि डेडचं ‘फायर ऑन द माउंटन’ तयार झालं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हार्ट आणि झाकीरभाईंची जोडी त्यानंतरही टिकली; हार्टच्या ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बमला १९९२ मध्ये ग्रॅमी मिळालं, त्यातही झाकीरभाई होते.

वेनेटा: उन्हात शिजलेली मैफल

कुठली एकच रात्र ठेवायची असं कुणी बजावलंच तर मी २७ ऑगस्ट १९७२ ठेवीन. खरं तर ती रात्र नव्हेच, ऑगस्टातली टळटळीत दुपार. ओरेगन राज्यात वेनेटा नावाचं छोटं गाव आहे. लेखक केन कीसी याचा भाऊ चक आणि त्याची बायको सू यांची जवळच स्प्रिंगफील्ड क्रीमरी ही डेअरी होती, आणि डेअरी आर्थिक अडचणीत होती. डेडशी कीसी मंडळींची जुनी दोस्ती. तेव्हा डेअरीच्या मदतीसाठी माळरानावर कार्यक्रम ठरला. तिकिटं छापली ती डेअरीच्या दह्याच्या डब्यांवर लावायच्या लेबलांवर.

त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या वर गेला होता. रंगमंच अशा दिशेने बांधलेला की उतरतं ऊन थेट वादकांच्या डोळ्यांत. एवढ्या उन्हात गिटारच्या तारा सुरात राहत नाहीत. दोन गाण्यांच्या मध्ये तारा लावण्यात वेळ जातोय हे ध्वनिफितीत ऐकू येतं. पाण्याचे हाल. समोरच्या हजारोंतल्या बऱ्याच जणांनी कपड्यांना रामराम ठोकलेला. थोडक्यात, मैफल फसायला लागणारी सगळी सामग्री हजर होती.

आणि तरीही भट्टी अशी जमली की विचारू नका. याला एक कारण आहे. १९७१ ते १९७४ या काळात मिकी हार्ट बँडबाहेर होता, एकटा क्रॉइट्झमन ड्रम वाजवत होता. दोन ड्रमर असले की आवाजाला वजन येतं, पण वळायला वेळ लागतो. एकटा असला की झटक्यात वळता येतं. १९७२ चा डेड त्यामुळे हलका आणि चपळ आहे. त्यात पियानोवर नुकताच आलेला कीथ गॉडशॉ. त्याने जॅझ भरपूर ऐकलेलं, आणि गार्सियाने टाकलेला प्रत्येक सूर तो वरच्या वर झेलतो.

या दिवसाचा ‘डार्क स्टार’ अर्ध्या तासाच्या घरात जातो. सुरुवात निवांत. मग हळूहळू ताल सुटतो, गिटार किंचाळायला लागते, बेस खालून गुरगुरतो, आणि काही मिनिटं असं वाटतं की हे आता संगीत राहिलेलं नाही. नवखा माणूस इथेच बंद करतो. जरा दम धरा. त्या कल्लोळाच्या तळातून वीअर एक साधी, तीन मात्रांची झुलती चाल काढायला लागतो. एकेक जण ती ओळखतो आणि तिच्यात येऊन मिसळतो, आणि आपण पाहतो तर काय, बँड ‘एल पासो’ वाजवतोय! ‘एल पासो’ हे मार्टी रॉबिन्सचं काउबॉयचं गाणं, बंदूक-घोडा-प्रेयसी छापाचं, आपल्याकडच्या एखाद्या लावणीइतकं लोकांच्या तोंडी असलेलं. इतक्या अमूर्त, भेसूर जागेतून इतक्या घरगुती गाण्यात उतरायचं आणि उतरताना खटका बसू द्यायचा नाही, याला मी सांधा म्हणतो. हे पूर्वनियोजित असतं तर हसू आलं असतं.

या कार्यक्रमाचं चित्रीकरणही झालं, पण ‘सनशाइन डेड्रीम’ या नावाने ते अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०१३ साल उजाडलं. तोपर्यंत चाळीस वर्षं हा दिवस केवळ नकला केलेल्या कॅसेटींवर आणि ऐकीव कीर्तीवर जगला.

१९७४ चा उल्लेख ओझरता करतो, कारण ते साल वादनापेक्षा स्पीकरांसाठी गाजलं. ऑउस्ली स्टॅनली, टोपणनाव बेअर, हा बँडचा ध्वनितज्ज्ञ आवाजाच्या बाबतीत पराकोटीचा हट्टी. त्याच्या कल्पनेतून ‘वॉल ऑफ साउंड’ उभी राहिली: सुमारे ६०० स्पीकर, सगळं मिळून ७५ टनांच्या आसपास वजन, आणि ही भिंत वादकांच्या पाठीमागे. प्रत्येक वाद्याला स्वतःचे वेगळे स्पीकर, त्यामुळे वादक जे ऐकतात तेच प्रेक्षक ऐकतात. पण स्पीकर माइकच्या मागे ठेवले की शिट्टी वाजायला हवी. त्यावर तोड अशी: प्रत्येक गायकापुढे दोन माइक, एकमेकांशी उलट जोडलेले. गायक वरच्या माइकमध्ये गातो. मागच्या भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो आणि उलट जोडणीमुळे एकमेकांना खाऊन टाकतो. गायकाचा आवाज तेवढा उरतो. भौतिकशास्त्राच्या तासाला दाखवावं असं प्रकरण. अर्थात ही भिंत गावोगाव नेता-नेता बँडचं दिवाळं निघायची वेळ आली, आणि त्या ऑक्टोबरनंतर त्यांनी कार्यक्रम जवळजवळ बंदच केले. पुन्हा नेटाने दौऱ्यावर निघाले ते १९७६ मध्ये. तोवर हार्टही परत आला होता.

कॉर्नेल, ८ मे १९७७

न्यूयॉर्क राज्याच्या मध्य भागातलं इथाका गाव, तिथलं कॉर्नेल विद्यापीठ, आणि त्यातला बार्टन हॉल: लष्करी कवायतीसाठी बांधलेली दगडी, अवाढव्य वास्तू, एरवी खेळांसाठी वापरली जाणारी. मे महिना असूनही त्या रात्री बाहेर बर्फ पडलं. या एका कार्यक्रमाची ध्वनिफीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१२ मध्ये राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. म्हणजे देशाने जपून ठेवावं असं हे मुद्रण, असा सरकारी शिक्का.

त्या वसंतात बँड विलक्षण फॉर्मात होता, आणि तो काही योगायोग नव्हता. कीथ ओल्सन नावाच्या कडक निर्मात्याच्या हाताखाली ‘टेरापिन स्टेशन’ या अल्बमचं काम सुरू होतं. ओल्सनने विशेषतः दोन्ही ड्रमरना ठेका एकजीव होईपर्यंत घोटून घेतलं. तालीम करायचा कंटाळा असलेल्या या मंडळींना आयुष्यात एकदा शिस्त लागली आणि ती रंगमंचावर दिसली. मे १९७७ मधल्या जवळजवळ कुठल्याही रात्री हात घाला, निराशा होत नाही.

कॉर्नेलच्या दुसऱ्या सेटच्या, म्हणजे मध्यंतरानंतरच्या भागाच्या, आधी पुढची गर्दी रेटारेटीने चेंगरत होती. बँडने प्रेक्षकांना एक पाऊल मागे घ्यायला सांगितलं. गमतीगमतीत चाललेलं ते आर्जवही ध्वनिफितीत आहे. मग ‘स्कार्लेट बिगोनियाज’ सुरू होतं. खेळकर, उड्या मारत जाणारं गाणं. शब्द संपतात, बँडची गायिका डॉना गॉडशॉ शब्दांशिवाय आलाप घेते आणि गाण्याची कड मऊ व्हायला लागते. इथून कान टवकारून बेस ऐका. लेश आपली चाल इतकी हळूहळू बदलतो की ती नेमकी कुठे बदलली हे दाखवता येत नाही. ड्रम किंचित मागे रेलतात. गार्सिया अजून जुन्या गाण्याच्या अंगणातच घुटमळतोय. आणि मग लक्षात येतं की आपण केव्हाच ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये येऊन पोहोचलोय. तेच, झाकीरभाईंच्या सोबतीने वाजलेल्या तुकड्यातून जन्मलेलं.

या दोन गाण्यांची जोडी तेव्हा अवघी दोन महिन्यांची होती. मार्चमध्ये पहिल्यांदा एकत्र वाजली होती. ‘फायर’मध्ये कॉर्ड फक्त दोन: एक षड्जावर, दुसरा कोमल निषादावर. पंधरा मिनिटं याच दोन कॉर्डवर झुलायचं. पुन्हा खमाजचेच स्वर. एवढ्याशा भांडवलावर कंटाळा येऊ न देणं ही गार्सियाची खरी करामत. त्याची गिटार या गाण्यात बदकासारखी ‘क्वॅक’ असा गोल, ओला आवाज काढते. ते एका इफेक्टच्या पेटीचं काम: तार जितक्या जोराने छेडाल तितका आवाजाचा जबडा जास्त उघडतो. म्हणजे बोटाचा दाब हाही सुराइतकाच बोलका होतो. लहानपणी लाकूड फोडताना झालेल्या अपघातात गार्सियाचं उजव्या हाताचं मधलं बोट बरंचसं तुटलं होतं. त्याच हाताने तो हे सगळं छेडायचा.

दुसऱ्या सेटचा शेवट ‘मॉर्निंग ड्यू’ने होतो. कॅनडाची गायिका बॉनी डॉब्सन हिने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेलं गाणं. अणुयुद्धानंतर उरलेल्या दोन माणसांचा संवाद. गार्सिया ते जवळजवळ पुटपुटत गातो. लय इतकी विलंबित की दोन ठोक्यांमध्ये माणूस श्वास धरून बसतो. शेवटचा सोलो कुजबुजीतून सुरू होतो आणि चढत-चढत अशा टोकाला जातो की तो एकेक सूर छेडणं सोडून सगळ्या तारांवर हात थरथरवत झपाटल्यासारखा वाजवू लागतो. पाठोपाठ सगळा बँड उसळतो. द्रुत लयीतला झाला ऐकलेल्या कुणालाही हा चढ ओळखीचा वाटेल. मग शेवटच्या ओळीवर सगळं खाली. त्यानंतर पुरवणी म्हणून त्यांनी शनिवारच्या रात्रीचं गाणं वाजवलं. वार रविवार होता. डेडला कॅलेंडरचं कधीच फारसं सोयरसुतक नव्हतं.

मग कॉर्नेलला सर्वश्रेष्ठ का मानतात? माझं उत्तर काही डेडहेड मंडळींना, म्हणजे डेडच्या कट्टर चाहत्यांना, झोंबेल: वादनाइतकाच त्यात टेपचा वाटा आहे. बेटी कँटर-जॅक्सन ही बँडची ध्वनिमुद्रक. सभागृहात ऐकू येणारा आवाज एक आणि टेपवर जाणारा आवाज दुसरा, असं तिने स्वतंत्र मिश्रण केलं. सभागृहासाठीच्या मिश्रणात गायन पुढे ठेवावं लागतं, कारण गिटारचे ॲम्प आधीच ढणढणत असतात. तोच आवाज जसाच्या तसा टेपवर घेतला तर वाद्यं पातळ होतात. बेटीच्या टेपमध्ये प्रत्येक वाद्य आपापल्या जागी, स्वच्छ आणि भरीव. पुढे ती आर्थिक ओढाताणीत सापडली, गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये तिथल्या सामानाचा लिलाव झाला. त्यात या टेपा होत्या. घेणाऱ्यांनी त्या घेतल्या, त्यांच्या नकला निघाल्या आणि ‘बेटी बोर्ड्स’ या नावाने हातोहात सगळीकडे पोहोचल्या. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या टेपांपैकी एक कॉर्नेलची. हजारो लोकांनी आयुष्यात ऐकलेली डेडची पहिली सुस्पष्ट ध्वनिफीत हीच. पहिलं प्रेम ते पहिलं प्रेम. मूळ टेपा बँडच्या ताब्यात परत येऊन अधिकृत प्रकाशन व्हायला २०१७ साल उजाडावं लागलं.

दुसऱ्याच रात्री, ९ मेला, बफेलोत ‘हेल्प ऑन द वे’, ‘स्लिपनॉट’ आणि ‘फ्रँकलिन्स टॉवर’ ही तीन गाणी एका दमात वाजली. ‘स्लिपनॉट’ अवघड वळणांचं, बांधलेलं वाद्यसंगीत, आणि त्या रात्री बँड त्यातून सुसाट जातो. नुसत्या वादनाच्या कसोटीवर लावलं तर तो तुकडा कॉर्नेलमधल्या कशालाही हार जाणार नाही.

फसलेल्या रात्री

जिथे काहीच ठरलेलं नसतं तिथे फजितीही तितकीच ठरलेली. गंमत म्हणजे जगाला माहीत असलेले यांचे मोठे प्रसंग बहुतेक आपटलेले आहेत. ऑगस्ट १९६९ मधला वुडस्टॉक महोत्सव: पाऊस, ओला रंगमंच, विजेची सदोष जोडणी, गिटारला हात लावला की झटका. बँडमधल्यांनीच तो आपल्या सर्वांत वाईट कार्यक्रमांत गणला. सप्टेंबर १९७८ मध्ये इजिप्तमध्ये, गिझाला, स्फिंक्सच्या पायथ्याशी तीन रात्री वाजवलं. शेवटच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. याहून भारी मांडणी कुठली? पण क्रॉइट्झमनचं मनगट मोडलेलं, तो एका हाताने वाजवत होता, आणि पियानो बेसूर. पिरॅमिडच्या आतली राजाची खोली आवाजाच्या घुमाऱ्यासाठी वापरायचा बेत होता, तोही फसला. त्या तीन रात्रींतला ऐकण्यासारखा भाग म्हणजे नुबियन संगीतकार हमझा एल-दीनच्या टाळ्यांच्या ठेक्यातून बँड हळूच रॉकमध्ये शिरतो ती जागा. पुन्हा सांधाच.

उत्तरार्धातली एक तारीख मात्र नोंदवलीच पाहिजे: २९ मार्च १९९०, लाँग आयलंडचं नासाउ कोलिसियम. जॅझ सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस पाहुणा म्हणून आला. पहिल्या सेटमध्ये ‘बर्ड साँग’साठी उभा राहिला आणि इतका जमून गेला की अख्खा दुसरा सेट बँडने त्याला सोडलं नाही. ‘आइज ऑफ द वर्ल्ड’ ऐका. सरावाविना आलेला माणूस गार्सियाची ओळ अर्ध्यात उचलतो, पुरी करतो आणि शेवटचा सूर परत त्याच्याकडे टाकतो. डेड हा ढिसाळ हिप्पींचा बँड आहे असं म्हणणाऱ्या जॅझवाल्यांना मी हीच पंधरा-वीस मिनिटं ऐकवतो.

हे सगळं आपल्यापर्यंत आलं कसं, तर बँडने ते अडवलं नाही म्हणून. चाहते लांब काठ्यांवर माइक लावून कार्यक्रम टेप करायचे. काठ्या इतक्या वाढल्या की ध्वनिनियंत्रकाला रंगमंच दिसेना. तेव्हा १९८४ मध्ये बँडने टेप करणाऱ्यांसाठी ध्वनियंत्रणेच्या मागे राखीव जागाच ठेवली. अट एकच: देवाणघेवाण करा, विकू नका. नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, समोरचा नकला काढून धाडायचा. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे कितीतरी उत्कृष्ट जॅम मधोमध कापले गेले. नकलेची नक्कल निघाली की खरखर वाढायची. म्हणून मूळ टेपपासून आपली प्रत कितव्या पिढीची, हे लोक अभिमानाने सांगत. बँडच्या टेपसंग्रहाचा सांभाळ करणारा डिक लॅटवाला हा अशाच टेपवेड्यांतून आलेला. १९९३ पासून त्याच्या निवडीने ‘डिक्स पिक्स’ ही मालिका निघाली, छत्तीस भागांपर्यंत गेली.

आज आर्काइव्ह डॉट ऑर्गवर एकाच कार्यक्रमाच्या अनेक आवृत्त्या फुकट ऐकता येतात. ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेली असते तिला साउंडबोर्ड म्हणतात. वाद्यं स्वच्छ, पण हॉल जाणवत नाही. प्रेक्षकांतून टेप केलेलीत हॉल, टाळ्या, शेजारच्याची बडबड सगळं येतं. या दोन्हींचं मिश्रण ती मॅट्रिक्स. बहुतेक साउंडबोर्ड २००५ पासून तिथे फक्त ऐकता येतात, उतरवून घेता येत नाहीत; त्यावरून तेव्हा चाहत्यांनी बँडशीच भांडण काढलं होतं. नव्याने ऐकणाऱ्याने कॉर्नेलचा दुसरा सेट साउंडबोर्डवर घ्यावा, हेडफोन लावून, आणि पहिल्या खेपेला गिटारकडे दुर्लक्ष करून केवळ बेसमागे जावं. दुसऱ्या खेपेला प्रेक्षकांतली टेप लावावी. ‘मॉर्निंग ड्यू’च्या शेवटी समोरच्या पोरांचा आवाज कुठे फुटतो, ते साउंडबोर्डवर नीट कळत नाही.